घरातली जोखीम, पुस्तकातली जोखीम

तुमच्यापैकी थोरलीने विद्यापीठात पहिल्याच वर्षी वित्त हा विषय घेतला आहे, असं तुमच्या बाबांनी फोनवर सांगितलं. पुढे म्हणाले, "आई, तुझाच विषय." मी "हो" म्हटलं आणि हवापाण्याचं बोलले. तो माझा विषय नव्हता. तो माझ्या वाट्याला आला होता, आणि त्या एका पेपरापायी आपल्या घरात काय झालं ते तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही. तुमच्या बाबांनाही अर्धंच माहीत आहे. म्हणून क्रमाने लिहिते. मराठी वाचायला तुम्हाला वेळ लागेल, सावकाश वाचा. मला इंग्रजीतून लिहिता आलं असतं. पण ज्या शब्दावरून हे सगळं झालं, तो शब्द इंग्रजीत नेला की त्याचे दोन तुकडे होतात आणि सांगण्यासारखं काही उरत नाही.

मी बेळगावात वाढले. शाळा इंग्रजी, कॉलेजही इंग्रजी. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना लग्न ठरलं. माझ्या सासऱ्यांनी वडिलांना शब्द दिला होता, "परीक्षा देऊ दे की, कोण अडवतंय?" खरंच कोणी अडवलं नाही. कधी भात झोडायचा असे, कधी आंबा उतरायचा असे, कधी बाळंतपण असे. अडवायची वेळच आली नाही. जामसंड्याच्या घरात मी बेळगावची म्हणून आले आणि तीस वर्षांनीही बेळगावचीच राहिले. घरात सगळे मालवणी बोलत, मी पुस्तकी मराठी. तुमचे आजोबा आपल्या आईशी मालवणीत बोलत आणि माझ्याशी ओरोसच्या सरकारी कचेरीतल्या भाषेत, जणू मी त्यांच्या टेबलापुढे अर्ज घेऊन उभी होते.

१९९८ साली ते निवृत्त झाले. आयुष्यभर सोमवारी जाऊन शनिवारी येणारा माणूस आता रोज पडवीत वर्तमानपत्र घेऊन बसू लागला. तुमचे बाबा तोवर परदेशात स्थिरावले होते. घरात सासूबाई, थोरले दीर, जाऊबाई आणि आम्ही दोघं. त्या वर्षी मी मुक्त विद्यापीठात नाव घातलं. मला इंग्रजी साहित्य हवं होतं. पण ओरोसच्या अभ्यासकेंद्रात पुरेसे विद्यार्थी मिळत ते वाणिज्य शाखेलाच, म्हणून बी.कॉम. घेतलं. पदवी हवी होती, ती कशातली याला आता महत्त्व नव्हतं. अर्ध्यावर सोडलेली एकच गोष्ट मला पुरी करायची होती.

जाऊबाई म्हणाल्या, "ह्या वयात शिकान काय कलेक्टर जातलंस?"

मी म्हटलं, "कलेक्टरला बी.कॉम. लागत नाही."

"मगे तर फुकटच," त्या म्हणाल्या आणि माशांना मीठ लावायला बसल्या.

पहिली दोन वर्षं बरी गेली. तिसऱ्या वर्षी वित्ताचा पेपर आला. त्या पेपराच्या आदल्या आठवड्यात सासूबाई मागच्या अंगणात शेवाळावरून घसरल्या आणि मांडीचं हाड मोडलं. कोणीतरी त्यांच्याजवळ बसणं भाग होतं. जाऊबाईंची पाठ दुखे, पुरुषांनी ते काम करायचं नसतं. मी बाकीचे पेपर दिले होते, हा एक सोडला. पुढच्या परीक्षेलाही त्या उठत नव्हत्या. मी त्यांना उठवलं, बसवलं, न्हाऊ घातलं. हे उपकार म्हणून सांगत नाही. पुढे जे झालं ते नीट कळावं म्हणून सांगते. नोंदणीची मुदत २००३च्या उन्हाळी परीक्षेबरोबर संपत होती. तेव्हा हा पेपर दिला नसता तर आधीचे सगळे पेपर रद्द झाले असते. हे मी घरात सर्वांना सांगितलं होतं, तुमच्या आजोबांना तर नियमांचं पुस्तक दाखवून. कचेरीतला माणूस, त्यांना मुदत म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नव्हतं.

आता विषयाकडे येते. पुस्तकं मराठीत होती आणि माझी खरी अडचण तिथेच होती. इंग्रजीत जे शब्द मला सहज कळले असते, ते मराठीत परके वाटत. प्रतिफल, वर्तमान मूल्य, तरलता. तरलता म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे पेजेचं पातेलं येई. इंग्रजी शाळेत आम्हाला लावलेली एकच सवय कामाला आली, ती म्हणजे मोठ्याने वाचायचं. दुपारी सगळे आडवे झाले की मी मागच्या पडवीत बसून धडे मोठ्याने वाचत असे.

अभ्यासकेंद्रातले वर्ग रविवारी असत. जामसंड्याहून सकाळच्या एसटीने नांदगाव, तिथे गाडी बदलून ओरोस. शिकवायला एका बँकेतले अधिकारी येत. ते घाटावरचे, वयाने तुमच्या बाबांपेक्षा लहान आणि स्वभावाने सरळ. मला मावशी म्हणत. वर्गात एसटीचे एक कंडक्टर होते. बढतीसाठी शिकत होते आणि कळलं नाही की तसं उघड सांगत. सर जोखीम आणि प्रतिफल शिकवत होते. कंपन्यांचे शेअर, त्यांचे चढउतार. आमच्यापैकी कोणी शेअर डोळ्यांनी पाहिलेला नव्हता.

कंडक्टर म्हणाले, "सर, ह्या शेअरचा माका काय समाजला नाय. आंब्याचा काय ता सांगा."

सर हसले. "मला आंब्यातलं कळत नाही. मावशी, तुमची बाग आहे ना? तुम्ही सांगा."

मी सांगितलं की आम्ही बाग मोहोरावरच व्यापाऱ्याला देतो. झाडावर नुसता मोहोर असताना भाव ठरतो. पुढे धुक्याने मोहोर जळला तर नुकसान त्याचं, भरघोस फळ धरलं तर फायदाही त्याचाच.

"मग तुम्ही त्याला काय विकलंत?"

"आंबे," कंडक्टर म्हणाले.

"आंबे कुठे आहेत अजून? झाडावर फक्त मोहोर आहे."

पुढे सर म्हणाले, "मावशींनी जोखीम विकली. आंबे त्या व्यापाऱ्याचे, आणि काळजीही त्याची."

कंडक्टर म्हणाले, "म्हणजे मावशी निवांत झोपतत आणि व्यापारी धुक्यात फिरता." सगळे हसले. मीही हसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्या विषयातलं काहीतरी आतून कळलं होतं, तेही घरच्या बागेवरून. परत येताना गाडीत मी तेच मनात घोळवत होते.

घरी आले तेव्हा सासूबाई ओटीवर काठी टेकून बसल्या होत्या. बाजूला जाऊबाई तांदूळ निवडत होत्या. मी पायांवर पाणी घेता घेता म्हटलं, "आज एक नवीन कळलं. आपण दरवर्षी जोखीम विकतो, आणि आपल्याला पत्ताच नाही."

सासूबाईंनी मान वर केली. "काय इकतंव?"

"जोखीम," मी म्हटलं आणि कपडे बदलायला आत गेले.

आता तो शब्द. आपल्या घरात जोखीम म्हणजे सोनं. सासूबाईंच्या खोलीत लोखंडी पट्ट्यांची पेटी होती. तिच्यात त्यांच्या सासूपासून चालत आलेले दागिने होते. त्यांना कोणी दागिने म्हणत नसे. वाटेवरच्या माणसाने ऐकू नये म्हणून आवाज खाली आणून "जोखीम" म्हणत. लग्नकार्याला निघताना, "जोखीम खंय ठेवलंस?" परत आल्यावर, "जोखीम पेटयेत गेली?" जी वस्तू जपायची ती जोखीम, आणि जिच्यापासून जपायचं तीही जोखीम. मला हा अर्थ माहीत होता, रोज कानावर पडत होता. पण पुस्तकातला शब्द पुस्तकात आणि घरातला घरात, असे ते माझ्या डोक्यात वेगळे राहिले होते. सासूबाईंना पुस्तक नव्हतं. त्यांच्याकडे एकच शब्द होता आणि त्याला एकच पेटी होती.

दुसऱ्या दिवसापासून पेटीची किल्ली खुंटीवरून सासूबाईंच्या कमरेला गेली. मी न्हाणीत पाणी काढून दिलं तर म्हणाल्या, "ती येतली, तू जा." ती म्हणजे जाऊबाई, पाठदुखीवाल्या. मला वाटलं तब्येतीचा कंटाळा असेल. मी आपली दुपारी पडवीत बसून वाचत राहिले. त्या आठवड्याचा धडा विविधीकरणाचा होता. "सर्व जोखीम एकाच ठिकाणी ठेवू नये. ती विभागून ठेवावी." पाठ व्हावं म्हणून हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं असेल. पडवीला लागून सासूबाईंची खोली. त्यांची मांडी मोडली होती, कान शाबूत होते.

शेवटी जाऊबाईच विहिरीवर म्हणाल्या, "आईंच्या जोखमीर तुझो डोळो कित्याक गो? ती बसल्याजाग्यार आसा, खंय पळान जाता?"

"कसली जोखीम?"

"आता कसली म्हणान माकाच इचार. मोठ्यान वाची होतंस ना, विभागूक व्हयी म्हणान?"

मला तेव्हा सगळं समजलं आणि हसू आलं. विहिरीच्या काठाला धरून मी हसले. जाऊबाईंनी कळशी उचलली आणि घरात जाऊन सांगितलं की ती हसली.

त्याच संध्याकाळी मी पुस्तक घेऊन ओटीवर गेले. सगळे होते. सासूबाई, थोरले दीर, जाऊबाई, आणि खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन तुमचे आजोबा. मी सासूबाईंना सांगितलं, "आई, पुस्तकातली जोखीम म्हणजे सोनं नव्हे. धोका. नुकसान होण्याची भीती. ती विभागायची असते."

त्या म्हणाल्या, "धोको कोण वाटून घेता गो? वाटूक लागतत ता सोना."

"नाही आई, इथे लिहिलंय बघा."

"माका वाचूक येता?"

मी पुस्तक थोरल्या दिरांच्या हातात दिलं. ते प्राथमिक शाळेत शिक्षक होते. तीस वर्षं मुलांना शब्दार्थ शिकवले होते. मला वाटलं, ते समजावून सांगतील, मालवणीत सांगतील, आईंना पटेल. त्यांनी चष्मा लावला, माझं बोट होतं ते वाक्य वाचलं, आधी मनात, मग मोठ्याने. मग पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "होय गे आई. लिवलेला आसा. 'जोखीम विभागून ठेवावी.' तसाच आसा."

"मगे?" सासूबाई म्हणाल्या. "मी आयकलंय ता खोटा?"

मी दिरांकडे पाहिलं. त्यांना अर्थ कळला नव्हता असं तुम्ही समजू नका. त्यांना तो माझ्याइतकाच कळला होता. त्यांनी खोटं काही सांगितलं नाही, फक्त वाचून दाखवलं. मग मी तुमच्या आजोबांकडे पाहिलं. तेही वाचू शकत होते. जोखीम, मुदत, तारण, हे शब्द त्यांच्या फायलींत रोज येत. एक वाक्य पुरलं असतं, आणि ते त्यांच्या तोंडून मालवणीत आलं असतं तर सासूबाईंनी ऐकलं असतं, कारण धाकट्या मुलाचं त्या ऐकत. ते वाचत बसले. पानही उलटलं नाही.

सासूबाईंनी ठरवलं की देवाला विचारायचं. आपल्याकडे मोठा प्रश्न आला की ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालून कौल लावतात. गुरव मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि पाकळी उजवी पडते की डावी ते बघतात. प्रश्न असा होता की धाकट्या सुनेच्या मनात वाटणी आहे की नाही. जिच्याबद्दल विचारायचं ती समोर उभी पाहिजे. दिवस दिरांनी काढून आणला. रविवार. माझ्या पेपराचा रविवार. वेळापत्रक स्वयंपाकघरात तिथीच्या कॅलेंडरशेजारी टाचलेलं होतं, सगळ्यांना दिसेल असं.

मी म्हटलं, "दादा, त्या दिवशी माझा पेपर आहे. आधीचा कुठलाही दिवस घ्या. मी येते, उभी राहते."

"देव काय परीक्षेसाठी थांबतलो?"

"मग नंतरचा घ्या."

"म्हणजे परीक्षा आदी, देव मागे. आयकलंस गे आई?"

तुमच्या आजोबांनी मला आत बोलावलं. म्हणाले, "या वेळी जाऊ नकोस. घरातलं वातावरण बिघडलंय. पुढच्या वेळी देता येईल."

मी म्हटलं, "पुढची वेळ नाही. तुम्ही नियम वाचले आहेत."

"विनंतीअर्ज करता येतो."

"कोणाला?"

ते म्हणाले, "तू विचार कर," आणि पुन्हा पडवीत गेले.

मी विचार केला होता. रविवारी पहाटेच आंघोळ करून निघाले. देवाला हात जोडले, सासूबाईंच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी पाय आखडून घेतले. एसटी वेळेवर आली. पेपर कठीण नव्हता. जोखमीवरचा प्रश्न अर्थातच होता. त्यात मी मोहोरावर दिलेल्या बागेचं उदाहरण लिहिलं, आणि वेळ उरला म्हणून अक्षर सुधारत बसले.

देवळात काय झालं ते जाऊबाईंनीच मला नंतर सांगितलं. त्यांच्याशी माझं कधी जुळलं नाही, पण खोटं बोलायचा त्यांना आळस होता. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, सगळ्यांनी "होय महाराजा" म्हटलं. पाकळी उजवी पडली. म्हणजे माझ्या मनात वाटणी नव्हती. देवाने माझी बाजू घेतली होती. सासूबाईंनी डोळे पुसले.

"मगे तुझे दीर म्हणाले," जाऊबाई सांगत होत्या, "जिच्यासाठी कौल लावलो तीच हय नाय, मगे कौल कसलो? तो धरूचो नाय."

"आणि आई?"

"आई काय म्हणतले? थोरलो म्हणता ता खरा."

"आणि हे?"

"भावोजी? तेंनी नारळ धरललो हातात. उबे होते."

निकाल पावसाळ्यात आला. मी पास झाले होते. त्याच आठवड्यात पेटी सासूबाईंच्या खोलीतून थोरल्यांच्या खोलीत गेली. सासूबाई त्यानंतर वर्षभर होत्या. माझ्या हातची पेज त्यांनी घेतली, पण माझ्याशी बोलल्या त्या कामापुरतंच. शेवटच्या दिवसांत मी त्यांचं अंग पुसत होते तेव्हा त्यांनी माझा हात धरला. मला वाटलं, काही सांगतील. त्यांनी माझ्या बांगड्या चाचपून पाहिल्या आणि हात सोडला.

तेरावं झालं आणि दिरांनी वाटणीचे कागद पुढे ठेवले. ते नकाशासकट तयार होते. असे कागद तेरा दिवसांत होत नाहीत, हे तुमच्या आजोबांनी मला त्या रात्री स्वतःहून सांगितलं. मोजणीला किती महिने लागतात ते त्यांना कचेरीमुळे ठाऊक होतं. हे ते मला म्हणाले, भावाला नाही. रस्त्याकडची बाग तिकडे गेली, कातळावरची आमच्याकडे आली. दागिन्यांचा विषय निघाला तेव्हा दीर म्हणाले की आईने ते हयातीतच थोरल्या सुनेला दिले. आणि गावात बोललं गेलं की बेळगावची शिकली आणि तिने घर फोडलं. बाजारात मासळीवाल्या बाईनेही मला विचारलं, "वाटण्या झाल्यो? चला, मनासारख्या झाला." ती टोमणा मारत नव्हती. तिला तसंच ठाऊक होतं.

पदवीचं प्रमाणपत्र टपालाने आलं. तुमच्या आजोबांनी ते देवगडला नेऊन चौकटीत बसवून आणलं आणि ओटीवर लावलं, आलेल्याला दिसेल असं. मी लावायला सांगितलं नव्हतं. कोणी आलं की ते म्हणतात, "आमच्या हिने पन्नाशीनंतर पदवी घेतली. मीच म्हटलं, घरात बसून काय करतेस, शिक." तुमच्या बाबांना त्यांनी फोनवर हेच सांगितलं, आणि तुमच्या बाबांनी तुम्हाला. आजोबांनी आजीला शिकवलं. मी आत चहा ठेवत असते, मला ऐकू येतं.

हे सगळं लिहून झाल्यावर मी कागद आधी त्यांनाच वाचायला दिले. त्यांच्यामागे लिहिणं मला पटत नाही. दुपारी चहाबरोबर ते वाचत बसले. सगळं वाचलं, एकही पान वगळलं नाही. मी समोर बसून होते. कागद नीट जुळवून त्यांनी माझ्याकडे दिले आणि म्हणाले, "तथ्यात चूक नाही."

"मग?"

"तेव्हा मी बोललो असतो तर आई जेवली नसती. अशा वेळी ती अन्न सोडायची. तुला माहीत आहे."

"आणि मी?"

"तू जेवली असतीस," ते म्हणाले. ते चिडून बोलले नव्हते, त्यांना जे दिसलं होतं ते सांगत होते.

ते खरं आहे. परीक्षा देऊन मी घरी आले तेव्हा सगळे देवळातून येऊन, जेवून निजले होते. भाताचं पातेलं घासून पालथं घातलेलं होतं, आमटीही ठेवलेली नव्हती. मी चूल पेटवली, माझ्यापुरता भात टाकला, शिंक्यावरच्या बरणीतलं लोणचं काढलं आणि पोटभर जेवले.